हाड मोडलं नाही ना?

आपल्याकडे दुखण्यांतही प्रतिष्ठेची उतरंड आहे. सर्वांत वर हृदय. 'बायपास झाली' असं म्हणणाऱ्या माणसाला लग्नाच्या हॉलमध्ये पंख्याखालची खुर्ची मिळते आणि जिलबी वाढणारा त्याच्या पानाशी थबकतो. त्याखालोखाल गुडघे, 'दोन्ही बदलले' हे सांगताना माणसाचा आवाज हटकून चढतो. मग येतं मोडलेलं हाड. त्याला पांढरंशुभ्र प्लास्टर मिळतं, त्यावर भाचरं स्केचपेननं सह्या करतात, बसमध्ये कॉलेजची पोरंसुद्धा उठून जागा देतात, आणि एक्सरे खिडकीकडे धरून आल्यागेल्याला दाखवता येतो. या उतरंडीच्या तळाशी, उचकी आणि करपट ढेकर यांच्या जेमतेम एक पायरी वर, मनगटाचं लिगामेंट बसतं.

माझं फाटलं ते ऐन श्रावणात, आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीच्या आवारात. जिन्याखालच्या फरशीवर शेवाळ धरतं म्हणून कमिटीनं 'फरशी निसरडी आहे, पडल्यास सोसायटी जबाबदार नाही' अशी नवीकोरी पाटी लावली होती. ती वाचायला मी मान वर केली आणि तिच्यातलं पहिलं वाक्य जागीच पटलं. दुसरं अजून पटलेलं नाही.

पडताना माणूस हात पुढे करतो. हे शहाणपणाचं नाही, पण उपजत आहे. तळहात जमिनीला टेकतो, मनगट मागे वाकतं आणि वरून अख्खा देह (माझ्या बाबतीत तो चांगलाच अख्खा आहे) त्या एका सांध्यावर येतो. जगभरच्या दवाखान्यांत दुखरी मनगटं बहुतेक याच वाटेनं पोचतात. बर्फावर घसरलेला नॉर्वेकर असो की शेवाळावर घसरलेला डोंबिवलीकर, मनगटाला त्यातला फरक कळत नाही.

मी उठून बसायच्या आत वॉचमननं विचारलं, "हाड मोडलं नाही ना, काका?" संध्याकाळपर्यंत हा प्रश्न मला अकरा मजल्यांवरून आला. एक्सरे काढला. हाडं शाबूत. "नॉर्मल आहे," असं समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं आणि क्रेप बँडेज गुंडाळून दिलं. घरी आल्यावर सगळ्यांच्या चेहऱ्यावर सुटकेच्या जोडीला किंचित हिरमोडही मला दिसला. "म्हणजे नुसतंच मुरगळलंय," असं म्हणून बायकोनं माझ्यापुढे निवडायला मेथीची जुडी ठेवली.

एक्सरेत हाडं दिसतात, लिगामेंट दिसत नाही. पण आमच्या घराण्यात देव सोडला तर न दिसणाऱ्या कशावरही कुणाचा विश्वास नाही. तेव्हा दुखणं माझं आणि निदान समाजाचं, अशी विभागणी झाली. आत्यानं आंबेहळद आणि रक्तचंदन उगाळून लेप घातला. त्यानं मनगट देखणं झालं, दुखणं जिथल्या तिथे राहिलं. साडूंनी एक तेल आणून दिलं, ज्याच्या वासानं आमच्याकडे आठवडाभर कुणी आलं नाही; तेवढा त्या तेलाचा गुण मी मान्य करतो. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे तर थेट उपाय होता. "इकडे द्या हात. एक झटका, की जागच्या जागी बसतंय." हे काका एलआयसीतून निवृत्त झालेत. त्यांच्या झटक्यानं काहीतरी जागी बसलेला एकही माणूस मला सोसायटीत भेटलेला नाही, पण झटका न घेता परतलेलेही फार नाहीत. मी हात पाठीमागे लपवून जिन्यानं जायला लागलो.

सूज दोन-तीन दिवसांत उतरली. त्यामुळे तर माझी उरलीसुरली पतही गेली. पण खुर्चीच्या हातावर तळवा टेकून उठायला गेलो की मनगटाच्या पाठीवर, अंगठ्याच्या बाजूला, खोल कुठेतरी कळ यायची. कुकर उचलताना यायची. वर्तमानपत्राची घडी मोडताना यायची. मधूनच आतून 'कट्' असा आवाज. शेवटी मुलीनं हाताच्या सर्जनकडे नाव नोंदवलं. हाताचे वेगळे डॉक्टर असतात हे ऐकून आत्या म्हणाली, "डाव्या हाताचे निराळे असतात का रे?"

हे डॉक्टर तरुण होते. त्यांनी एक्सरेकडे आधी पाहिलंच नाही, मनगटाकडे पाहिलं. तळव्याच्या बाजूनं अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या एका उंचवट्यावर त्यांनी आपला अंगठा दाबून धरला आणि माझं मनगट करंगळीकडून अंगठ्याकडे हळूहळू वळवलं. आत काहीतरी उसळलं, अंगठा सोडताच 'कट्' करून जागेवर गेलं. मला ब्रह्मांड आठवलं. डॉक्टरांना मात्र मनापासून आनंद झाला. "काका, वॉटसन टेस्ट पॉझिटिव्ह!" बी.कॉम.नंतर मी कशात इतका स्पष्ट पास झालो नव्हतो. ही परीक्षा कर्क वॉटसन नावाच्या अमेरिकन सर्जननं बसवलेली आहे आणि ती जगातल्या सगळ्या हाताच्या डॉक्टरांना तितकाच आनंद देत असावी.

मग त्यांनी मूठ घट्ट आवळून दोन्ही मनगटांचे नवे एक्सरे काढायला लावले. सैल हाताच्या एक्सरेत जे लपतं ते मूठ आवळल्यावर उघडं पडतं. उजव्या मनगटात दोन हाडांच्या मध्ये काळी फट दिसत होती. तीन मिलिमीटरच्या वर फट असली की संशय पक्का, असं ते म्हणाले. या फटीला वैद्यकशास्त्रात नाव आहे: टेरी-थॉमस चिन्ह. टेरी-थॉमस (१९११–१९९०) हा इंग्लंडचा विनोदी नट, पुढच्या दोन दातांत ठसठशीत फट असलेला. १९६३ च्या 'इट्स अ मॅड, मॅड, मॅड, मॅड वर्ल्ड'मध्ये तो आहे. १९७७ साली एका डॉक्टरला मनगटाच्या एक्सरेत त्याचं हसू दिसलं आणि नाव चिकटलं. आयुष्यभर लोकांना हसवून हा गृहस्थ अखेर लोकांच्या मनगटात जाऊन बसला. आत्याला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "दातात फट असणं भाग्याचं असतं." मनगटात नसतं, आत्या.

डॉक्टरांनी प्लॅस्टिकचं मनगट काढून टेबलावर ठेवलं आणि समजावायला सुरुवात केली. त्यांची भाषा शास्त्रीय होती. मला मात्र त्या प्लॅस्टिकमध्ये माझी तीस-बत्तीस वर्षांची नोकरी, म्हणजे आठ-सतराची लोकल दिसायला लागली.

डब्यातली समोरासमोरची दोन बाकं डोळ्यांपुढे आणा. बाक तिघांचं, बसतात चौघं. मनगटातही आठच हाडं, चार-चारच्या दोन रांगांत, एकमेकांसमोर. बोटांकडच्या रांगेत ट्रॅपेझियम, ट्रॅपेझॉइड, कॅपिटेट आणि हॅमेट. ही कल्याणहून बसून आलेली चौकडी. एकमेकांना इतकी घट्ट बांधलेली की हलली तर चौघं मिळूनच हलतात. कोपराकडच्या रांगेत अंगठ्याच्या बाजूनं स्कॅफॉइड, ल्युनेट, ट्रायक्वेट्रम, आणि चौथ्या सीटवर पिसिफॉर्म. हा पिसिफॉर्म वाटाण्याएवढा. तो बाकावर असा बसलेला नसतोच, ट्रायक्वेट्रमच्या पुढ्यात अर्धामुर्धा टेकलेला असतो, आणि मनगटाच्या मुख्य सांध्यात त्याचा काही भाग नाही. चौथ्या सीटचं इतकं शास्त्रशुद्ध वर्णन मी रेल्वेच्या कुठल्याही कागदात वाचलेलं नाही.

खरा खेळ उरलेल्या तिघांचा आहे. या तिघांना धरून ठेवणारा एकही स्नायू नाही. मनगट हलवणारे सगळे स्नायुबंध यांच्या डोक्यावरून पुढच्या हाडांकडे जातात. गाडी डुलेल तसे हे डुलणार. त्यात स्कॅफॉइडचा स्वभाव पुढे पेंगण्याचा आणि ट्रायक्वेट्रमचा मान मागे टाकून घोरण्याचा. मधला ल्युनेट दोघांच्या ओढाओढीत सरळ बसलेला असतो तो केवळ दोन्ही शेजाऱ्यांशी लिगामेंटनं बांधलेला आहे म्हणून. त्यातलं स्कॅफॉइड आणि ल्युनेट यांच्यामधलं लिगामेंट इंग्रजी 'सी'सारखं वळलेलं, आणि हाताच्या पाठीकडचा त्याचा पदर सर्वांत मजबूत. माझा नेमका तोच गेला होता. तो गेला की स्कॅफॉइड पुढे कोसळतो, ल्युनेट ट्रायक्वेट्रमच्या नादी लागून मागे कलंडतो, आणि दोघांच्या मध्ये जागा होते.

आणि लोकलमध्ये जागा झाली तर काय होतं हे मी तुम्हाला सांगायला नको. समोरच्या बाकावरचा कॅपिटेट, मनगटातलं सर्वांत मोठं हाड, त्या फटीत डोकं घालतो. लगेच नाही, वर्षानुवर्षं, थोडंथोडं रेटत. तोवर कलंडलेली हाडं एकमेकांवर घासून त्यांच्यावरची गुळगुळीत कूर्चा झिजवतात. ही झीज कुठून सुरू होते आणि कुठे सरकते याचा क्रमही ठरलेला आहे. वॉटसन आणि बॅलेट यांनी तो १९८४ साली लिहून ठेवला. रेल्वेच्या वेळापत्रकापेक्षा तो जास्त पाळला जातो, असं डॉक्टरांच्या बोलण्यावरून वाटलं.

मला नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. मोडलेल्या हाडाबद्दल माणूस हजारो वर्षं लिहितोय. पण ही मनगटाच्या आतली कलंडाकलंडी नीट मांडली गेली ती १९७२ साली, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे लिन्शाइड, डोबिन्स आणि त्यांचे सहकारी यांच्याकडून. ल्युनेट हे चंद्रकोरीच्या आकाराचं हाड. म्हणजे माणूस आकाशातल्या चंद्रावर १९६९ साली उतरला आणि स्वतःच्या मनगटातल्या चंद्रापाशी पोचायला त्याला आणखी तीन वर्षं लागली.

पुढे काय, हे विचारल्यावर डॉक्टरांनी आमच्या डब्याची सगळी भवितव्यं उलगडून दाखवली. इजा ताजी असेल, पहिल्या काही आठवड्यांतली, तर फाटलेलं लिगामेंट पुन्हा हाडाला शिवता येतं. हाडात इवलासा स्क्रू बसवतात, त्याला जन्मतःच दोरा लावलेला असतो. त्या दोऱ्यानं फाटका पदर ओढून टाके घालायचे. टाका जुळेपर्यंत हाडं हलू नयेत म्हणून त्यांतून तारा आरपार घालतात. या तारा मार्टिन किर्शनर या जर्मन सर्जननं १९०९ साली आणल्या आणि अजून तशाच वापरात आहेत. इतक्या काळात मी वापरलेली फक्त छत्री टिकलीय, तीही आजोबांची. उशीर झाला तर लिगामेंटच्या कडा आकसतात, शिवायला हाती काही लागत नाही. मग शेजारच्या स्नायुबंधाची एक पट्टी अर्धवट सोडवून, स्कॅफॉइडला भोक पाडून, त्यातून ओवून नवा बंध विणावा लागतो. इटलीतल्या ब्रुनेली यांनी १९९५ साली ही युक्ती मांडली आणि बार्सिलोनाच्या मार्क गार्सिया-एलियास यांनी २००६ साली तिचं सुधारलेलं रूप दिलं. आणि फारच उशीर झाला, झीज झाली, तर दोन रस्ते: एक, कोपराकडच्या रांगेतली तिन्ही हाडं काढूनच टाकायची, म्हणजे अख्खं बाकच उखडायचं. दोन, स्कॅफॉइडला उतरवायचं आणि उरलेल्यांपैकी चौघांना स्क्रूनं एकत्र जोडून टाकायचं. पुन्हा भांडण नाही, पण निम्मी हालचालही जाते.

"तुमचं अजून शिवण्यासारखं असावं," डॉक्टर म्हणाले. "आत दुर्बीण घातली की नक्की कळेल. एमआरआय करू, पण त्यातही हे कधीकधी निसटतं." जाताजाता त्यांनी मला अंगठा करंगळीला टेकवून मनगट वाकवायला सांगितलं. मनगटाच्या मध्यावर एक दोरी उठून दिसते का, ते त्यांना बघायचं होतं. तिचं नाव पामारिस लाँगस. हिला हातात फारसं काम नाही, बऱ्याच लोकांना ती नसतेच, आणि ज्यांना असते त्यांच्याकडून सर्जन ती दुरुस्तीच्या सामानासारखी काढून घेऊ शकतात. त्या रात्री जेवणाच्या टेबलावर सगळ्यांनी आपापल्या हातांची झडती घेतली. मुलीच्या एकाच हाताला निघाली. माझ्या दोन्हीकडे सपाट. आत्याच्या मात्र दोन्ही हातांना तारस्वरात लावलेल्या तंबोऱ्याइतक्या ताणलेल्या. "लागली तर घे हो," ती उदारपणे म्हणाली. वापर नसलेली वस्तू द्यायला आमच्या घराण्यात कुणी कधी हात आखडता घेतलेला नाही.

मग विम्याचा अंक. कॅशलेससाठी कागद गेले आणि चोवीस तासांत उलट प्रश्न आला: रुग्णाचे हाड मोडलेले नसताना हाडात तार घालण्याचे प्रयोजन काय? मला हा प्रश्न विचारणाऱ्याबद्दल राग आला नाही, ओळख पटली. तो आमच्या वॉचमनचाच प्रश्न होता, फक्त लेटरहेडवर. डॉक्टरांनी उत्तर पाठवलं. पुन्हा प्रश्न आला: एक्सरेत इजा दिसत नसल्याचे आढळते. मग मूठ आवळलेला एक्सरे गेला. अखेर टेरी-थॉमसचं हसू पाहून विमा कंपनी विरघळली आणि मंजुरी आली. त्यातून हातमोजे आणि कापूस वगळले होते. म्हणजे कंपनीच्या मते शस्त्रक्रिया उघड्या हातांनी आणि कोरडी करायची.

शस्त्रक्रियेच्या दिवशी अख्खी भूल दिली नाही, फक्त हाताला दिली. गळ्याच्या पट्टीजवळ सुई टोचून अख्ख्या हाताच्या नसा झोपवतात. थोड्या वेळात हात माझा राहिला नाही. उचलू म्हटलं तर उचलेना. सिस्टरनं उचलून बाजूला ठेवला तेव्हा तिसऱ्याच कुणाचा हात सरकवल्यासारखं वाटलं. मग बोटांना जाळीच्या टोप्या घालून हात वरच्या बाजूला टांगला, जेणेकरून सांध्यातली जागा थोडी मोकळी व्हावी, आणि जेमतेम दोन-अडीच मिलिमीटरची दुर्बीण आत गेली. फाटण्याच्या चार इयत्ता आहेत. अमेरिकन सर्जन गाइसलर यांनी त्या १९९६ साली ठरवल्या. चौथ्या इयत्तेत फट इतकी रुंद असते की दुर्बीण सरळ एका रांगेतून दुसऱ्या रांगेत निघून जाते. याला डॉक्टरमंडळी 'ड्राइव्ह-थ्रू' म्हणतात. पडद्याआडून मी हा शब्द ऐकला आणि उपाशीपोटी असल्यामुळे मला बर्गर आठवला.

जागा असलेल्या रुग्णाची पंचाईत अशी की सगळं ऐकू येतं. ओटीत नाट्यगीतं लावली होती. ताना आणि ड्रिल यांची मधूनमधून जुगलबंदी व्हायची. "सिस्टर, ही नको, दुसरी द्या," हे वाक्य ऐकताना त्या 'ही'बद्दल मनात काय काय येतं! सी-आर्म एक्सरे-यंत्राच्या पडद्यावर डॉक्टरांनी मला तारा दाखवल्या. स्कॅफॉइड आणि ल्युनेट पुन्हा खांद्याला खांदा लावून बसले होते. आता तारेनं बांधले होते, त्यामुळे उठायचा प्रश्नच नव्हता. रात्री वॉर्डात मला जाग आली तेव्हा छातीवर कुणाचातरी गरम, जड हात पडलेला. मी दचकून बेल वाजवली. सिस्टर आली, तो हात उचलून उशीवर ठेवला आणि म्हणाली, "काका, तुमचाच आहे. सकाळपर्यंत शुद्धीवर येईल."

हात शुद्धीवर आला, तो गणपतीच्या तोंडावर. उजवा हात कोपराखालपासून बंदिस्त, बोटं तेवढी बाहेर. आता मात्र माझी पत वाढली. पांढरं प्लास्टर! लोकांनी वाट सोडली, रिक्षावाल्यानं सुट्टे मागितले नाहीत. पण विचारणा तीच: "कुठलं हाड?" लिगामेंट म्हटलं की चेहऱ्यावरची सहानुभूती परत घेतली जायची. शेवटी शेवटी मी "स्कॅफॉइडजवळ" असं मोघम उत्तर द्यायला लागलो.

धर्मशास्त्रात मनगटाच्या लिगामेंटचा विचार झालेला नाही, हे गणपतीत कळलं. आरतीला टाळ्या वाजवता येईनात, झांज धरता येईना. डाव्या हातात घंटा दिली तर ती माझ्या डाव्या हाताच्या तालात वाजायची, म्हणजे कुठल्याच तालात नाही. प्रसादाला डावा हात पुढे केला आणि अख्ख्या खोलीनं श्वास रोखला. "डाव्या हातात प्रसाद?" आत्या पुटपुटली. गुरुजी व्यवहारी होते. त्यांनी तीर्थाची पळी थेट माझ्या तोंडाशी आणली, "आ करा," म्हणाले, आणि मोदकही तसाच भरवला. साठी उलटल्यावर पंचवीस माणसांसमोर भरवून घेण्याचा योग सहसा येत नाही. बँकेत तर सही जुळेना. डाव्या हातानं केलेली सही पाहून क्लार्कबाईंनी शाईचं पॅड पुढे सरकवलं. बी.कॉम., फर्स्ट क्लास, पुणे विद्यापीठ: निशाणी डाव्या हाताचा अंगठा.

साधारण दोन महिन्यांनी तारा निघाल्या. मला वाटलं संपलं. पण इथून पुढे फिजिओथेरपिस्टचं राज्य सुरू होतं. मॅडम वयानं माझ्या मुलीएवढ्या आणि शिस्तीनं माझ्या हेडमास्तरांएवढ्या. त्यांच्याकडे कोन मोजायचं एक यंत्र असतं. "नमस्कार करा, काका." केला. उजवा तळवा डाव्याला भेटेना. त्यांनी यंत्र लावलं आणि वहीत लिहिलं: पस्तीस. पुढच्या आठवड्यात चाळीस. छातीशी दोन्ही तळवे जोडून कोपरं आडवी ठेवायची तर मनगट जवळजवळ काटकोनात मागे जावं लागतं. आपली अख्खी संस्कृती ज्या मुद्रेवर उभी आहे ती मनगटावर एवढा ताण देते, हे मला ठाऊक नव्हतं. मी ज्येष्ठांना पस्तीस अंशांचा नमस्कार करत होतो आणि ते तो उद्धटपणा समजत होते. सूर्यनमस्कार तर मॅडमनी बंदच केले. तळव्यांवर शरीराचा भार म्हणजे नव्या टाक्याची परीक्षाच.

"डार्ट फेकल्यासारखं मनगट हलवा," त्या म्हणाल्या. मागे-अंगठ्याकडे असं न्यायचं आणि पुढे-करंगळीकडे असं आणायचं. या तिरक्या हालचालीत दोन रांगांमधला सांधा काम करतो आणि स्कॅफॉइड-ल्युनेट एकमेकांच्या तुलनेत फारसे हलत नाहीत, म्हणून शिवलेला पदर सुखरूप राहतो. हे मस्तच आहे, पण मी जन्मात डार्ट फेकलेला नाही. माझा चेहरा पाहून मॅडमनी उपाय काढला: "तांब्यातनं पाणी ओतताय असं समजा." ते जमलं. मी महिनाभर तुळशीला इतकं पाणी घातलं की ती कुजली.

मग आला रंगीत लगदा. मऊ, चिकट, मुठीत दाबायचा. रंग बदलला की तो आणखी घट्ट. महागड्या डबीतला हा लगदा पाहून मला हे कुठेतरी वाचलंय असं वाटत राहिलं, आणि ते सापडलं सुश्रुतसंहितेत. हाताला मार बसल्यावर आधी मातीचा गोळा धरायला लावावा, मग मिठाचा, आणि बळ आलं की दगडाचा. पायरीपायरीनं वाढवत न्यायचं हे तत्त्व तेच, फक्त तेव्हा रंगांच्या डब्या नव्हत्या. त्याहून मोठा दिलासा दुसराच होता. सुश्रुतांनी हाडांच्या भंगाचे बारा प्रकार सांगितले, तसेच सांधा सुटण्याचे सहा सांगितले. त्यातल्या एकाची लक्षणं अशी: सूज थोडी, वेदना अखंड, सांध्याचं काम बिघडलेलं. हे मी वाचलं आणि पुस्तक कपाळाला लावलं. साऱ्या सोसायटीत मला कुणी मानलं नाही, पण सुश्रुतांच्या वहीत माझी नोंद होती.

लगद्याच्या गोष्टीवरून बायकोला कल्पना सुचली. "अहो, एवढे पैसे घालून तो गोळा दाबताय, त्यापेक्षा कणीक मळा की." मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "अजून तीन महिने नाही. मळताना मनगट मागे वाकवून भार पडतो." हे वाक्य मी त्यांच्याकडून लिहून, सहीशिक्क्यासह आणलं. ते फ्रिजवर लावलं आहे. तारखेचा भाग थोडा पुसट झालाय.

भाच्यानं मला धीर द्यायला टेनिसपटू हुआन मार्तिन देल पोत्रोची गोष्ट सांगितली. २००९ साली यूएस ओपनच्या अंतिम सामन्यात त्यानं फेडररला हरवलं. पुढच्याच वर्षी उजव्या मनगटाची शस्त्रक्रिया, मेयो क्लिनिकमध्ये. २०१४ आणि २०१५ मध्ये डाव्या मनगटाच्या आणखी तीन. आणि तरी २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये पहिल्याच फेरीत जोकोविचला आणि उपांत्य फेरीत नदालला घरी पाठवून त्यानं रौप्यपदक मिळवलं. डाव्या मनगटावर भार नको म्हणून तो आपला दोन हातांचा बॅकहँड पुष्कळदा एका हातानं हळूच कापून मारायचा. "बघ मामा, असं असतं!" भाचा म्हणाला. मी बघितलं. त्याच आठवड्यात मी भरलेला चहाचा कप उजव्या हातानं उचलून, न सांडता, तोंडापर्यंत नेला होता. पदक कुणी दिलं नाही. बायको म्हणाली, "आता बशी पण विसळा."

आता जोर लावायच्या कामांना साधारण सहा महिन्यांनंतर परवानगी मिळते, आणि शिवलेलं मनगट बहुधा आधीपेक्षा थोडं कमीच वाकतं. माझा नमस्कार साठ अंशांवर थांबलाय. डॉक्टरांच्या मते हे उत्तम आहे, आत्याच्या मते अजून गर्व आहे.

तेव्हा या पावसाळ्यात कुणी हातावर पडलात, आणि एक्सरे नॉर्मल असूनही मनगटाच्या पाठीवर अंगठ्याच्या बाजूला दुखणं आठ-पंधरा दिवसांत हटलं नाही, तर हाताच्या सर्जनकडे जा. मूठ आवळून दोन्ही मनगटांचा एक्सरे काढता येईल का, हे विचारा. पहिल्या महिन्याभरात गेलात तर टाक्यावर भागण्याची शक्यता बरीच, पण उशीर झाला असला तरी जा. आणि मधल्या काळात कुणालाही झटका देऊ देऊ नका, मग तो कितीही वर्षं एलआयसीत असो.